क्लिकवरचा संशय : नांदेड-लातूरच्या छोट्या जाहिरातदाराचा हिशेब

लातूरच्या ट्यूशन एरियात मे-जूनमध्ये तीन गोष्टी हमखास वाढतात : खोल्यांची भाडी, गुणवंतांचे फ्लेक्स आणि ‘समोरचे लोक आमच्या ॲडवर क्लिक मारून बजेट संपवतात’ ही तक्रार. तक्रार करणारा दर वेळी क्लासचालकच असतो असे नाही. नांदेडच्या डॉक्टर लेनमधले दंतवैद्य, हुजूर साहिबच्या यात्रेकरूंवर चालणारे लॉज, सौर पंपांचे डीलर, बोअरवेलवाले, मंगल कार्यालयवाले, ज्यांनी ज्यांनी गुगलवर रोजचे चार-पाचशे रुपये लावले त्यांना कधी ना कधी या संशयाने गाठले आहे. जाहिरात सकाळी दहाला सुरू झाली, साडेअकराला बजेट संपले, डॅशबोर्डवर बावीस क्लिक आणि फोन आले दोन. त्यातला एक ‘लोन हवंय का’ विचारणारा.

हा संशय खुळचट नाही. क्लिकमागे पैसे मोजले जातात म्हटल्यावर कुणीतरी खोटे क्लिक करणार, हे या धंद्याच्या बाल्यावस्थेपासून ठाऊक आहे. पण माझे मत आधीच सांगून टाकतो : आपल्याकडे शिव्या पहिल्यांदा पडतात त्या शेजारच्या प्रतिस्पर्ध्याला, आणि पैसा बहुतेक वेळा जातो दुसरीकडे. थोडा जातो दूरच्या, कधीही नाव न कळणाऱ्या भामट्यांकडे. त्याहून जास्त जातो आपल्याच खात्यात कुणी न वाचता राहू दिलेल्या खुणांमुळे. आणि कुठला क्लिक खरा, कुठला खोटा हे ठरवणारा तोच, ज्याने बिल पाठवले आहे. म्हणून स्वतःची नोंद नसलेल्या माणसाला धड तक्रारसुद्धा करता येत नाही.

‘एकमत’ किंवा ‘प्रजावाणी’ या दैनिकांत जाहिरात दिली की पैसे जागेचे. ती किती जणांनी वाचली हे छापणाऱ्यालाही ठाऊक नसे आणि देणाऱ्यालाही. प्रतिस्पर्ध्याने ती शंभरदा वाचली तरी बिल तेवढेच. हा पाया १९९८ मध्ये अमेरिकेतल्या ‘गोटू डॉट कॉम’ने बदलला. जाहिरात दाखवण्याचे पैसे नाहीत, कुणी क्लिक केले तरच पैसे, आणि दर लिलावाने. गुगलने ॲडवर्ड्स २००० च्या ऑक्टोबरात सुरू केले आणि २००२ मध्ये हीच क्लिकनिहाय पद्धत उचलली. २००३ मध्ये ॲडसेन्स आले. म्हणजे गुगलच्या जाहिराती दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवर दिसू लागल्या आणि क्लिकच्या पैशांतला वाटा त्या स्थळाच्या मालकाला मिळू लागला. इथे लबाडीला दुसरे कारण मिळाले. पहिले कारण प्रतिस्पर्ध्याचे बजेट जाळण्याचे, दुसरे आपल्याच पानावरच्या जाहिरातीवर क्लिक करवून कमाई करण्याचे. दोन्हींना आपण ‘क्लिक मारणे’ म्हणतो, पण दोन्हींचा चोर वेगळा आणि उपायही वेगळा.

भारताचे नाव या कथेत फार लवकर आले. मे २००४ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने जाहिरातींवर क्लिक करून पैसे मिळवणाऱ्या भारतीयांविषयी बातमी छापली होती. गृहिणी, पदवीधर, नोकरदार घरबसल्या क्लिक करून महिन्याला शंभर-दोनशे डॉलर मिळवतात, असा तिचा आशय होता. त्याच वर्षाअखेर गुगलचे तेव्हाचे वित्तप्रमुख जॉर्ज रेयेस यांनी क्लिकची लबाडी हा इंटरनेटच्या अर्थकारणाला सर्वांत मोठा धोका आहे, असे जाहीरपणे म्हटले.

न्यायालयात मात्र हा प्रश्न नेला तो एका दुकानाने, तेही आपल्या लातूर-नांदेडहून लहान गावातल्या. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातल्या टेक्सारकानाच्या लेन्स गिफ्ट्स अँड कलेक्टिबल्सने २००५ मध्ये गुगल, याहू आणि इतरांवर सामूहिक दावा लावला : खोट्या क्लिकचे पैसे तुम्ही आमच्याकडून घेतलेत. गुगलने २००६ मध्ये नऊ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातले तीन कोटी वकिलांच्या फीचे. उरलेले जाहिरातदारांचे, पण ते रोख नव्हते. पुढच्या जाहिरातींत वळते करण्याची सूट होती. ज्याच्यावर लबाडीचे पैसे घेतल्याचा आरोप, त्याच्याचकडे पुन्हा जाहिरात द्या म्हणजे भरपाई मिळेल, असा हा न्याय. आजही गुगल खोट्या क्लिकची भरपाई खात्यात ‘क्रेडिट’ म्हणून देते. ते क्रेडिट हातात पडलेला पैसा समजू नये.

त्या खटल्यात न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक अलेक्झांडर तुझिलिन यांनी गुगलची गाळणी आतून पाहून अहवाल लिहिला. गुगलचे प्रयत्न वाजवी आहेत, असा त्यांचा निष्कर्ष. मला त्यापेक्षा त्यातला एक पेच महत्त्वाचा वाटतो. खोटा क्लिक कशाला म्हणायचे याची नेमकी व्याख्या जाहीर केली तर भामटे तिच्याभोवतीने वाट काढतील. जाहीर केली नाही तर जाहिरातदाराला आपले बिल तपासताच येणार नाही. हा पेच जवळपास वीस वर्षांनंतरही तसाच आहे. एकाच माणसाने पटकन दोनदा बोट लावले तर दुसरा क्लिक पूर्वी बिलात धरला जाई. तो नियम बदलला तोही २००५ मध्ये. म्हणजे त्याआधीची काही वर्षे तो ‘खरा’ क्लिक होता. पुढे २००७ मध्ये गुगलने आकडे दिले : एकूण क्लिकपैकी दहा टक्क्यांहून कमी क्लिक अवैध ठरतात, ते बहुतेक बिलात येण्याआधीच गाळले जातात, आणि जाहिरातदाराच्या तक्रारीवरून सापडणारे फक्त ०.०२ टक्के. हे आकडे खोटे आहेत असे म्हणायला माझ्याकडे आधार नाही. पण ते मोजणारा आणि बिल करणारा एकच आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

यानंतरचा इतिहास यंत्रांचा आहे आणि तो भरभर सांगता येतो. २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘ऑपरेशन घोस्ट क्लिक’मध्ये एस्टोनियातली टोळी उघड केली, शंभर देशांतले चाळीस लाखांवर संगणक तिने ताब्यात घेतले होते. २०१६ मध्ये ‘मेथबॉट’, २०१८ मध्ये ‘ईव्ह’ (3ve) ही बनावट जाहिरात-वर्दळीची जाळी सापडली, आणि मेथबॉटच्या सूत्रधाराला २०२१ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. २०१९ मध्ये फेसबुकने दोन ॲप कंपन्यांवर दावा लावला : त्यांची ॲप्स फोनमध्ये घुसून माणसाने न केलेले क्लिक दाखवत होती. या टोळ्यांना लातूरचा क्लास ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. त्यांचा माल संकेतस्थळांवरच्या, व्हिडिओतल्या आणि ॲपमधल्या जाहिरातींत असतो, शोधनिकालांच्या पानावर कमी. तिथे आपण पोचतो ते एका खुणेमुळे. शोधाची मोहीम उघडताना ‘डिस्प्ले नेटवर्क’ आणि ‘सर्च पार्टनर्स’ हे पर्याय आधीच टिक केलेले असतात आणि घाईत ते तसेच राहतात. मग नांदेडच्या दातांच्या दवाखान्याची जाहिरात लहान मुलांच्या गेममध्ये उगवते. गाडी उडी मारणार तोच जाहिरात येते, मुलाचे बोट पडते, आणि दवाखान्याचे काही रुपये जातात. भरतीच्या बातम्या देणाऱ्या मराठी संकेतस्थळांचीही तीच तऱ्हा : ‘पीडीएफ येथे पाहा’ या बटणाला चिकटून जाहिरात, आणि नोकरी शोधणाऱ्या पोराचा अंगठा जाहिरातीवर. हा पोरगा भामटा नाही. पण जाहिरातदाराच्या दृष्टीने फरक काय पडला?

आता प्रतिस्पर्ध्याकडे येऊ. तो क्लिक करतो का? जगात असे घडल्याची चांगली नोंद आहे. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिॲटलच्या न्यायालयात व्हँकूवरकडच्या एका कुटुंबातल्या तिघांवर दावा लावला. मोटार विम्याच्या आणि एका ऑनलाइन खेळाच्या जाहिरातींवर त्यांनी क्लिक घडवून आणले, म्हणजे वरच्या जाहिरातदारांचे बजेट संपेल आणि आपली जाहिरात वर चढेल, असा आरोप होता. यातले गणित लातूरला तंतोतंत लागू होते. जून महिन्यात ‘नीट रिपीटर बॅच’ या शब्दांवर बोली लावणारे मोजकेच. वरचे दोघे दुपारपर्यंत गळाले तर तिसऱ्याला संध्याकाळची गिऱ्हाइके स्वस्तात मिळतात. वसतिगृहातल्या दहा पोरांना दहा फोनवरून बसवणे अवघड नाही. म्हणून मी हे घडतच नाही असे म्हणणार नाही. पण एकट्या माणसाने आपल्या केबिनमधून पंधरा वेळा क्लिक केले, तर ते गाळणीत बहुधा अडकतात. तेवढ्यापुरते गुगलवर भरवसा ठेवायला हरकत नाही. बजेट रोज, महिनाभर, गाळणी चुकवून जाळायला शिस्त लागते आणि माणसे लागतात. ॲडमिशनच्या धामधुमीत तेवढी शिस्त कुणाकडे असते?

मग साडेअकराला बजेट जाते कुठे? पहिले उत्तर गिऱ्हाइकांनी टाइप केलेल्या शब्दांत आहे. क्लासच्या मोहिमेत ‘नीट’ हा शब्द मोकळा सोडला, म्हणजे ब्रॉड मॅचवर ठेवला, तर जाहिरात ‘नीट ॲडमिट कार्ड’, ‘नीट आन्सर की’, ‘नीट कट ऑफ’ शोधणाऱ्या देशभरच्या मुलांपुढे जाऊ शकते. आणि ब्रॉड मॅच हाच आधीपासून ठरलेला पर्याय असतो. मे-जूनमध्ये अशा शोधांचा पूर येतो. त्यातल्या कुणाला लातूरला यायचे नसते, पण बोट पडतेच. दंतवैद्याच्या जाहिरातीवर ‘डेंटल असिस्टंट जॉब’ शोधणारे येतात, बोअरवेलवाल्याच्या जाहिरातीवर सरकारी अनुदान शोधणारे. नको असलेले शब्द वगळण्याची यादी करायला तासभर लागतो. ती न केल्याने जेवढे पैसे जातात तेवढे कुठला प्रतिस्पर्धी जाळू शकेल असे मला वाटत नाही. शोधशब्दांचा अहवाल दर आठवड्याला उघडावा. अर्थात, २०२० पासून गुगल थोड्या वेळा वापरलेले शब्द त्या अहवालात दाखवत नाही. काही क्लिकचे पैसे तुम्ही भरता, पण ते कुठल्या शब्दावर आले हे तुम्हाला कधीच कळत नाही.

दुसरे उत्तर जागेचे. मोहिमेत लातूर जिल्हा निवडला तरी ‘इथे असलेले किंवा या जागेत रस असलेले’ लोक हा पर्याय आधीच लागू असतो. म्हणजे हैदराबादेत बसून लातूरविषयी काही शोधणाराही आला. तो काढून फक्त ‘इथे असलेले’ ठेवायचे, असा सल्ला सगळे देतात. पण आपल्या दोन शहरांत तो आंधळेपणाने घेऊ नये. नांदेडच्या लॉजला अमृतसर-लुधियानाहून आलेला क्लिक म्हणजे गुरुद्वाऱ्याला निघालेले गिऱ्हाईक असू शकते. होला महल्ल्याच्या आधी तर नक्कीच. लातूरच्या क्लासला बीड, परभणी, धाराशिव, थेट विदर्भातले क्लिक हेच खरे उत्पन्न. नांदेडच्या रुग्णालयांत आदिलाबाद-निजामाबादकडून पेशंट येतात, उदगीरच्या बाजारात बिदरचा माणूस येतो. ‘बाहेरगावचा क्लिक म्हणजे खोटा’ हे गणित गल्लीतल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाला लागू पडेल, या धंद्यांना नाही. शिवाय मोबाइलवरून येणाऱ्याचे ठिकाण आयपी पत्त्यावरून काढले की लातूरचाच पालक अनेकदा मुंबई, पुणे किंवा हैदराबादचा दिसतो, कारण कंपनीचे जाळे तिथून बाहेर पडते.

तिसरे उत्तर ऐकायला कडू आहे : क्लिक करणारे आपलेच असतात. मुलगा आधीच क्लासला आहे. वडिलांना फीची तारीख विचारायची आहे. ते गुगलवर क्लासचे नाव टाकतात आणि सर्वांत वर दिसते त्यावर, म्हणजे जाहिरातीवर, बोट ठेवतात. क्लिक खरा, माणूस खरा, पैसे वाया. अमेरिकेत ईबेने २०१२ मध्ये स्वतःच्या नावावरच्या जाहिराती बंद करून पाहिल्या, तेव्हा त्या क्लिकपैकी ९९.५ टक्के लोक फुकटच्या निकालावरून तसेच पोचले. अर्थशास्त्रज्ञ ब्लेक, नोस्को आणि टॅडेलिस यांचा हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. यातच मालकाची एक सवय मिसळते. आपली जाहिरात दिसते का हे बघायला तो दिवसातून चारदा शोधतो, भाच्यालाही बघायला सांगतो, आणि ‘उघडते का’ म्हणून दाबूनही बघतो. त्यासाठी गुगलच्याच खात्यात जाहिरातीची पूर्वपाहणी करण्याचे साधन आहे. त्यात बघितले तर खर्च होत नाही.

आणि कधी कधी काहीच बिघडलेले नसते. रोजचे पाचशे ठरवले आणि एके दिवशी नऊशे गेले, तर ते नियमातच बसते : गुगल एखाद्या दिवशी दुप्पटपर्यंत खर्च करू शकते, महिन्याची मर्यादा मात्र रोजच्या रकमेच्या ३०.४ पट. म्हणजे पाचशेचे १५,२००. वर १८ टक्के जीएसटी. जीएसटी क्रमांक नसलेल्या छोट्या क्लासला हा कर परतही मिळत नाही. या तीन ओळी मालकाला आधी कुणी सांगितल्या असत्या तर अर्धे संशय उगवलेच नसते.

आपल्याकडे या सगळ्यात एक मधला माणूस असतो, आणि त्याविषयी कमी बोलले जाते. ‘ॲड चालवणारा पोरगा’ किंवा एजन्सीवाला. तो अनेकदा गिऱ्हाइकाच्या जाहिराती स्वतःच्याच खात्यातून चालवतो. मालक महिन्याला पंधरा हजार देतो. त्यातले जाहिरातीला किती गेले आणि सेवेचे किती, हे एका व्हॉट्सॲप स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवून मानायचे. सगळे एजन्सीवाले लबाड नाहीत. बरेचसे कमी पैशांत खूप राबणारे तरुण आहेत. पण खाते मालकाच्या नावे नसेल तर ‘इनव्हॅलिड क्लिक्स’चा रकाना त्याला कधी दिसत नाही आणि बिल त्याच्या नावाने येत नाही. मग ‘समोरच्यांनी क्लिक मारले’ हे उत्तर एजन्सीला फार सोयीचे पडते, कारण समोरचा ते नाकारायला येत नाही. माझ्या मते खाते मालकाच्या नावाचे आणि एजन्सीला त्यात प्रवेश, एवढी अट घातल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

फेसबुक-इन्स्टाग्रामचे दुखणे वेगळे. तिथे बिल सहसा जाहिरात किती वेळा दिसली त्यावर होते, म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या क्लिकने बजेट तसे जळत नाही. तिथे येतात पोकळ लीड. फॉर्ममध्ये नाव-नंबर आपोआप भरलेला असतो, स्क्रोल करता करता बोट लागते, आणि फोन केला की समोरून ‘मी कधी भरला फॉर्म?’ फॉर्म पाठवण्याआधी एकदा तपासून पाहायला लावणारा ‘हायर इंटेंट’ प्रकार निवडला आणि ‘कितवीला आहे, कुठल्या तालुक्याचा’ असा एखादा हाताने लिहायचा प्रश्न घातला की संख्या घटते आणि कामाचे फोन उरतात. एजन्सीला हे आवडत नाही, कारण महिन्याच्या अहवालातला आकडा छोटा दिसतो.

उपायांच्या बाजारात सध्या सर्वांत जोरात विकले जाते ते क्लिकपासून वाचवणारे सॉफ्टवेअर, बहुतेक डॉलरमध्ये, दरमहा. त्याचे मुख्य काम संशयित आयपी पत्ते शोधून ते वगळायच्या यादीत टाकणे. गुगलच्या एका मोहिमेत असे पाचशे पत्ते वगळता येतात. प्रतिस्पर्ध्याच्या ऑफिसात कायम पत्त्याचे ब्रॉडबँड असेल आणि तो तिथूनच क्लिक करत असेल, तर हा उपाय अचूक. पण आपल्या भागात बहुतेक क्लिक मोबाइलवरून येतात, आणि मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना मोजक्या सार्वजनिक पत्त्यांमागे बसवतात. जुन्या वाड्यातली सगळी बिऱ्हाडे एकाच दिंडी दरवाज्याने ये-जा करतात, तसे. चोरासाठी दरवाजा लावला तर बिऱ्हाडेही बाहेरच राहतात. शिवाय चोराने विमान मोड लावून काढला की त्याला दुसरा पत्ता मिळू शकतो. रोज पाचशे खर्चणाऱ्याने त्यातले पैसे कापून असे सॉफ्टवेअर घ्यावे, असे मला वाटत नाही. महिन्याला लाखावर खर्च असलेल्या मोठ्या क्लासने विचार करावा.

त्याऐवजी ज्या पद्धतीला मी मान देतो ती संशोधकांची. २०१२ मध्ये वाचा दवे आणि बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियातले सैकत गुहा यांनी एका सहकाऱ्यासह मोठ्या जाहिरात जाळ्यांवर स्वतःच जाहिराती विकत घेतल्या. काही जाहिराती मुद्दाम निरर्थक ठेवल्या, ज्यांवर शहाण्या माणसाने क्लिक करायचे कारण नाही. काही वेळा मधे एक पान ठेवले, जिथे पुढे जायला आणखी एक क्लिक लागे. माणूस थबकतो की पुढे जातो यावरून खोट्या क्लिकचा अंदाज काढता आला, तोही जाळ्याच्या मालकाला न विचारता. छोट्या दुकानदाराला निरर्थक जाहिरात परवडणार नाही. पण जाहिरात आठवडाभर बंद ठेवून फोन किती घटतात हे पाहणे फुकट आहे. फोन घटले नाहीत तर क्लिक खरे की खोटे हा वादच गौण. उबरच्या बाबतीत हेच झाले : २०१७ च्या सुमाराला त्यांनी मोठा जाहिरातखर्च थांबवला तरी नव्या ग्राहकांच्या संख्येत फरक पडला नाही, आणि मग कंपनी आपल्याच जाहिरात एजन्सीविरुद्ध न्यायालयात गेली.

नोंदीसाठी लागते ती साधी वही. येणाऱ्या प्रत्येक फोनला ‘कुठून कळलं?’ हा प्रश्न, आणि उत्तर तारखेसह. संकेतस्थळ असेल तर होस्टिंगवाल्याकडून सर्व्हरचे लॉग मागून ठेवावेत. त्यात वेळ, आयपी पत्ता, फोनचा प्रकार आणि प्रत्येक गुगल क्लिकला चिकटलेला ‘जीक्लिड’ हा वेगळा क्रमांक असतो. एकाच पत्त्यावरून, एकाच प्रकारच्या फोनवरून, रोज ठरावीक वेळी, दोन-तीन सेकंदांत परत जाणारे वेगवेगळे जीक्लिड दिसले, तर संशयाला आकार येतो. क्लिक शंभर आणि संकेतस्थळावर भेटी सत्तरच, एवढ्यावरून मात्र काही सिद्ध होत नाही. तालुक्याच्या गावी नेट रेंगाळले की पान उघडायच्या आधीच माणूस मागे फिरतो. ज्यांचे संकेतस्थळच नाही, जाहिरातीवरून थेट व्हॉट्सॲप किंवा फोन, त्यांच्याकडे गुगल दाखवेल तेवढेच. या भागात असेच लोक खूप आहेत.

ही नोंद घेऊन गुगलच्या क्लिक क्वालिटी विभागाकडे तपासाची मागणी करता येते. घाई मात्र हवी, कारण करारानुसार आकारणीनंतर साठ दिवसांत हरकत घेतली नाही तर ती सोडली असे धरले जाते. जूनच्या क्लिकची तक्रार दिवाळीत करून उपयोग नाही.

पोलिसांत गेले तर? क्लिकची लबाडी या नावाचा गुन्हा आपल्या कायद्यात नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ संगणकात विनापरवाना प्रवेश, बिघाड आणि छेडछाड करून एकाच्या सेवेचा आकार दुसऱ्याच्या खात्यावर टाकण्याविषयी बोलते. अप्रामाणिक हेतूने तसे केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण सर्वांसाठी उघड्या असलेल्या जाहिरातीवर हाताने केलेल्या क्लिकला ‘छेडछाड’ म्हणणे वकिलाला जड जाईल. फोन ताब्यात घेणाऱ्या ॲपचे किंवा बॉटचे प्रकरण असेल तर गोष्ट वेगळी. भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८ आहे, पण त्यात फसवला गेला कोण, गुगल की दुकानदार, इथून वाद सुरू होईल. १९३० या सायबर मदतक्रमांकाचे बळ चोरीचा पैसा ज्या बँक खात्यात गेला ते गोठवण्यात आहे. इथे पैसा चोराकडे गेलेलाच नाही, तो रीतसर बिलाने गुगलकडे गेला आहे. नांदेड परिक्षेत्राच्या चारही जिल्ह्यांत सायबर पोलीस आहेत आणि आयपी पत्त्यामागचा माणूस कंपनीकडून काढण्याचा अधिकार पोलीस-न्यायालयांनाच आहे. मात्र सर्ट-इन या केंद्राच्या सायबरसुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवणे बंधनकारक आहे; त्यानंतर माग मिळेल याची हमी नाही. पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते, स्क्रीनशॉट पुरत नाही. नुकसानभरपाईसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे पाच कोटींपर्यंतचा दावा नेता येतो, पण तिथेही कलम ४३ चा उंबरठा ओलांडावाच लागतो.

प्रतिस्पर्ध्याचा खरा त्रास कायद्याच्या कक्षेत यायचा असेल, तर तो क्लिकपेक्षा नावावरून येण्याची शक्यता जास्त. तुमच्या क्लासच्या नोंदणीकृत नावावर दुसऱ्याने बोली लावली आणि तुमचे नाव शोधणाऱ्याला त्याची जाहिरात दिसली, तर? दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये गुगल विरुद्ध डीआरएस लॉजिस्टिक्स या ‘अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स’च्या प्रकरणात म्हटले की कीवर्ड म्हणून नाव वापरणे हे आपोआप उल्लंघन ठरत नाही; पण गोंधळ माजत असेल तर ठरू शकते, आणि गुगल या व्यवहारात हातावर हात ठेवून बसलेला त्रयस्थ नाही. लातूरमध्ये मिळत्याजुळत्या नावांचे इतके क्लास आहेत की हा निकाल तिथल्या वकिलांनी वाचून ठेवावा.

उरतो तो मूळ पेच : बिल करणाऱ्याचीच गाळणी. स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गुगलला सुमारे १३६ कोटींचा दंड केला तो शोधनिकालांतल्या पक्षपाताबद्दल. ॲडवर्ड्सच्या बाबतीत त्याला उल्लंघन आढळले नाही. युरोपने वेगळी वाट धरली. तिथल्या डिजिटल मार्केट्स ॲक्टनुसार २०२४ पासून मोठ्या मंचांना जाहिरातदाराने मागितल्यास मोजमापाची साधने आणि स्वतंत्र पडताळणीला लागणारी माहिती विनामूल्य द्यावी लागते. आपल्याकडे डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला आणि रखडला. त्यावरच्या चर्चेत मोठ्या कंपन्या, स्टार्टअप, वकील बोलले. रोज पाचशे रुपये लावणारा क्लासचालक, लॉजवाला, दंतवैद्य यांच्या बाजूने लातूर-नांदेडच्या व्यापारी संघटनांनी, क्लासचालकांच्या संघटनांनी काही लेखी म्हणणे मांडल्याचे माझ्या पाहण्यात नाही. पन्नास खात्यांच्या वह्या एकत्र केल्या तर मांडायला त्यांच्याकडे बरेच निघेल : कुठल्या ॲपमधून किती क्लिक आले, किती क्रेडिट मिळाले, किती तक्रारींना कारण न देता नकार आला.